कवाड मधूनच का फिरतं?

प्रश्न : ताई, मी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावातला आमच्या पणजोबांचा वाडा पडायला आलाय, म्हणून तो ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये उभा करून ठेवतोय. भिंती, ढाळज, माळवद झालं. पण कवाड निवडून फिरवायला आर दाबलं की ते मधूनच गरकन फिरतं आणि अर्धं भिंतीत घुसतं. खांबांच्या कडा मारायला बेव्हल दिला तर वरच्या कडा वेड्यावाकड्या लांबतात. तुळई तिच्या लांबीत सरकवायला गेलो तर ती बाजूला पळते. ओरिजिन हलवायला जुन्या हिंदी व्हिडिओत कंट्रोल-अल्ट-शिफ्ट-सी दाबतात, माझ्याकडे काहीच होत नाही.
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : व्हिडिओचं आधी सांगते. 2019 मध्ये ब्लेंडरची 2.8 आवृत्ती आली आणि बरीच बटणं बदलली. त्याआधी वस्तू निवडायला माऊसचं उजवं बटण असायचं, आता डावं असतं. तुम्ही म्हणता ते चार बटणांचं लचांडही तेव्हाच गेलं. व्हिडिओत उजव्या बटणाने निवड चाललेली दिसली की बंद करा आणि नवा शोधा.

आता कवाड. वस्तू निवडल्यावर तिच्यात एक नारिंगी ठिपका दिसतो, तो तिचा ओरिजिन. एकटी वस्तू फिरवली किंवा लहान-मोठी केली की ते सगळं या ठिपक्याभोवती होतं. तुम्ही कवाड घनापासून बनवलं असणार, म्हणून ठिपका फळीच्या मध्यावर बसलाय. तो कडेला न्यायचाय. पण कुठल्या कडेला, हे वाड्यात जाऊन बघा. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या कवाडांना बिजागरी नसतेच. फळीच्याच कडेला वर आणि खाली लाकडाची गोल टोकं काढलेली असतात, ती चौकटीच्या खोबणीत फिरतात. म्हणजे फिरण्याची रेघ फळीच्या अगदी धारेवर नसून थोडी आत, त्या टोकांच्या मधोमध असते. ठिपका धारेवर ठेवला तर उघडताना कवाड चौकटीत रुततं.

टॅब दाबून एडिट मोडमध्ये (जिथे वस्तूचे बिंदू हलवता येतात) जा, वरच्या-खालच्या टोकांचे सगळे बिंदू निवडा. शिफ्ट-एस दाबून ‘कर्सर टू सिलेक्टेड’, म्हणजे थ्रीडी कर्सर ही दृश्यातली खूण तिथे येईल. पुन्हा टॅब दाबून बाहेर (ऑब्जेक्ट मोडमध्ये) या, माऊसचं उजवं बटण, ‘सेट ओरिजिन’, त्यात ‘ओरिजिन टू थ्रीडी कर्सर’. आता आर, झेड (उभा अक्ष), 90, एंटर. उलटं उघडलं तर उणे 90. मग एन दाबून उजवीकडची पट्टी उघडा आणि लोकेशनच्या तिन्ही आकड्यांपुढची कुलपं लावून टाका. रात्री झोपेत सरकवण्याचा जी दाबला गेला तरी कवाड जागचं हलणार नाही.

त्याच पट्टीत तुमच्या खांबाचं दुखणंही लिहिलेलं आहे. खांब निवडून ‘स्केल’चे आकडे वाचा. नवा घन 2 मीटरचा येतो. ऑब्जेक्ट मोडमध्ये एस (लहान-मोठं करण्याचं बटण) वापरून त्याचा 20 सेंटीमीटर जाड आणि 2.4 मीटर उंच खांब केला तर तिथे 0.1, 0.1, 1.2 दिसेल. बेव्हल मात्र मूळ घनाच्या हिशेबाने लागतो आणि नंतर या आकड्यांनी ताणला जातो. म्हणून वरच्या कडेला तो आडव्यापेक्षा उभ्यात बारा पट लांब निघतो. खांब निवडा, कंट्रोल-ए, ‘स्केल’. तिन्ही आकडे 1 होतील, खांबाचं माप तसंच राहील, बेव्हल सरळ येईल. खांब अल्ट-डीने काढलेले जोडलेले नमुने असतील तर जुनं ब्लेंडर नाही म्हणेल, नवं असेल तर जोड तोडू का असं विचारेल. म्हणून आधी एकच खांब नीट करा आणि मग नमुने काढा.

कंट्रोल-एच्या यादीत ‘ऑल ट्रान्सफॉर्म्स’ही दिसतं. बहुतेक व्हिडिओवाले डोळे झाकून तेच दाबायला सांगतात. मला ते पटत नाही, निदान वाड्याच्या कामात तरी नाही. त्याने लोकेशन शून्य होतं, म्हणजे ओरिजिन सगळ्या दृश्याच्या मध्यबिंदूवर जाऊन बसतो आणि कवाडासाठी केलेली मेहनत पाण्यात. शिवाय रोटेशनही शून्य होतं, आणि तुळईचा घोळ नेमका इथला आहे. तिरकं केलेल्या वस्तूला स्वतःचे अक्ष असतात. जी, एक्स दाबलं तर ती जगाच्या एक्सवर सरकते. जी, एक्स, एक्स असं दोनदा दाबलं तर स्वतःच्या एक्सवर, म्हणजे लांबीत सरकते (लांबी एक्सवर धरून केली असेल तर; नाहीतर वाय, वाय). रोटेशन एकदा पुसलं की ते अक्ष जगाच्या अक्षांशी जाऊन मिळतात, मग दोनदा दाबून काही हाती लागत नाही. तुमची तुळई दोनदा दाबूनही बाजूलाच जात असेल तर बहुतेक हेच झालंय. ती नव्याने सरळ बनवा आणि मग फिरवा.

कवाडाची दुसरी फळी पहिलीवरूनच काढा. शिफ्ट-डी, एस्केप, मग एस, एक्स, एक्स, उणे 1. लोकेशनची कुलपं हिलाही आली असतील, ती काढा, पलीकडच्या चौकटीला नेऊन बसवा आणि कंट्रोल-एने फक्त स्केल पक्कं करा. पृष्ठभाग उलटे दिसले तर एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन.

आणि तुळई मुळात किती अंशांनी तिरकी आहे हे अंदाजाने ठरवलंय का? जुन्या वाड्यांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. चौकाच्या चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण टेपने मोजा. कोपऱ्याचा खरा कोन त्यातून निघतो, आणि तोच आर, झेडनंतर टाकायचा आकडा ठरवतो. भिंती उभ्या आहेत तोवर हे उरका, माळवद कोसळलं की कर्णाची टेप धरायला कोपरा राहत नाही.