बी.एस्सी. अर्धवट सोडून इंजिनीअरिंग: पैसे भरण्याआधी

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलंय: मुलगा जळगावला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष पास झाला, विषय फिजिक्स आणि गणित. आता त्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचंय. यंदाच्या सीईटीत 58 पर्सेंटाइल पडले. एक खाजगी कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून पहिल्या वर्षाला जागा देतंय, फी वर्षाला 1,20,000. घरी चार एकर, कापूस आणि मका. खुला प्रवर्ग, उत्पन्न 8 लाखांच्या बरंच खाली. जवळ 3,50,000ची एफडी आहे. ती मोडावी आणि कमी पडेल ते सोसायटीच्या पीककर्जातून भरावं का?

माझं उत्तर: या जागेसाठी एफडी मोडू नका. मुलाच्या इच्छेला माझा विरोध नाही, वाट महागाची निवडली जातेय.

आधी वर्षं मोजू. आत्ता पहिल्या वर्षाला बसला तर पदवी चार वर्षांनी. बी.एस्सी.चं उरलेलं एक वर्ष करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला तर एक अधिक तीन, म्हणजे तेही चारच. नवीन शैक्षणिक धोरणात बी.एस्सी. चार वर्षांची दिसते, पण तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. बी.एस्सी. सोडून एकही वर्ष वाचत नाही आणि हातातली पदवी जाते.

आता पैसे. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यासाठी प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच लागतो. तुम्ही खोली-मेसचा खर्च वर्षाला 75,000 धरलाय. म्हणजे कोट्यातून चार वर्षांचे 4,80,000 फी आणि 3,00,000 राहणं-खाणं, एकूण 7,80,000. दुसऱ्या वाटेत बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला तुमच्याच हिशेबाने 45,000. पुढे तेवढ्याच फीचं कॉलेज कॅपमधून मिळालं आणि फीत 1,05,000 ट्यूशन व 15,000 डेव्हलपमेंट धरली, तर निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. तुमच्याकडून वर्षाला 67,500. तीन वर्षांची फी 2,02,500, खोली-मेस 2,25,000, सगळं मिळून 4,72,500. फरक 3,07,500चा, जवळजवळ तुमची अख्खी एफडी.

शिष्यवृत्तीचे पैसे मात्र उशिरा येतात. म्हणून एफडी एकरकमी न ठेवता 50-50 हजारांच्या पावत्या करून ठेवा, गरज पडेल तेवढीच मोडता येते. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि डोमिसाइल आत्ताच काढा, मुलाचं बँक खातं आधारशी जोडलंय का ते तपासा. सातबारावर चारच एकर असल्याने अल्पभूधारकाचा दाखलाही घ्या, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तो लागतो.

थेट दुसऱ्या वर्षाच्या वाटेत अडचणी आहेत, त्या मुलाला स्पष्ट सांगा. बारावीत गणित हवं आणि बी.एस्सी.ला खुल्या प्रवर्गात किमान 45 टक्के. जागा आधी डिप्लोमावाल्यांना जातात, उरल्या तर बी.एस्सी.वाल्यांचा नंबर. त्यामुळे कॉम्प्युटर शाखा मिळेलच असं धरून चालू नका. एखाद्या सेमिस्टरचा विषय राहिला, किंवा निकाल कागदपत्र तपासणीच्या तारखेनंतर लागला, तर ते वर्ष हुकतं. प्रवेशानंतर ड्रॉइंग आणि इंजिनीअरिंग मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे विषय दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासासोबत काढावे लागतात. बी.एस्सी.ची मुलं अडखळतात ती इथेच. वर्ष गेलं तर त्या वर्षाची शिष्यवृत्तीही बुडते, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच ड्रॉइंग सुरू करू द्या. पसंतीक्रमात जळगावचं शासकीय कॉलेज सर्वांत वर टाका.

त्याला इंजिनीअरिंग नेमकं कशासाठी हवंय, हे तुमच्या पत्रात नाही, आणि निर्णय त्यावरच फिरतो. सॉफ्टवेअरची नोकरी हे ध्येय असेल तर बी.एस्सी.नंतर दोन वर्षांचं एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी आहे. सीईटी वेगळी, गणित झालेलं असल्याने तो पात्र, खुल्या प्रवर्गाला पदवीत 50 टक्के लागतात. आजपासून तीन वर्षांत मोकळा होतो, म्हणजे एका वर्षाची फी आणि खोली-मेस वाचते. मी असं ध्येय असलेल्या मुलाला हीच वाट सुचवेन. पण जलसंपदा किंवा बांधकाम खात्यात अभियंता व्हायचं असेल तर एमसीए चालत नाही, तिथे त्या शाखेची इंजिनीअरिंगचीच पात्रता लागते. हा प्रश्न त्याला समोर बसवून विचारा.

पीककर्जाला हात लावू नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्के पडतं. तेच पैसे फीत अडकले आणि कापसाचे पैसे वेळेत आले नाहीत, तर सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. दुसऱ्या वाटेत कमी पडतात ते 1,22,500. त्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्या. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, तुम्हाला सहकर्जदार व्हावं लागतं, आणि हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. कोट्यातली जागा घेतली असती तर कमी पडणारी रक्कम 4,30,000, म्हणजे ही मर्यादाच ओलांडली असती. व्याज साचून ती 5 लाख झाली, तर 10 टक्क्यांनी सात वर्षं महिना सुमारे 8,300 हप्ता. चार एकरांच्या उत्पन्नातून तो निघत नाही.

त्या कॉलेजने टोकन मागितलं असेल तर देऊ नका. दिलं असेल तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणि बी.एस्सी.च्या कॉलेजातून टीसी अजून काढली नसेल, तर ती तिथेच राहू द्या. तिसऱ्या वर्षाची फी मुदतीत भरा.