कॉकटेल बार असलेल्या व्हीगन चायनीज उपाहारगृहात शाकाहारी आईवडिलांना न्यावे का?

तुमचे आईवडील कोल्हापूरहून लंडनला येत आहेत, आई अंडेसुद्धा खात नाहीत, आणि घराजवळच्या व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यांसह कोणताही प्राणिजन्य पदार्थ न वापरणाऱ्या, चायनीज उपाहारगृहात मद्याचा बार असल्यामुळे तुमचे मन साशंक आहे, असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. माझे उत्तर असे आहे की अवश्य न्या, पण पदार्थ तुम्ही स्वतः आधी निवडून ठेवा.

नेहमीच्या चायनीज उपाहारगृहात शाकाहारी माणसाची खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते. तिखट-आंबट सूप पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात केलेले असते, परतलेल्या फरसबीत डुकराचा खिमा घालण्याची रीत आहे, आणि तिळाचे सारण भरलेल्या तांदळाच्या गोड गोळ्यांतही परंपरेने डुकराची चरबी असते. प्रत्येक पदार्थाविषयी विचारत बसल्यावर जेवणाचा आनंद उरत नाही. माझी आई आली होती तेव्हा व्हीगन उपाहारगृहात तिने संपूर्ण मेन्यूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निर्धास्तपणे वाचले, आणि परदेशात असे तिला प्रथमच करता आले.

तरीही त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. मी उत्साहाने नकली बदक मागवले. गव्हाची कणीक पाण्यात धुऊन, त्यातला स्टार्च काढून टाकल्यावर जो चिवट गोळा उरतो, त्याचा तो पदार्थ होता. पण त्याचे काप आणि वरची खरपूस ‘कातडी’ इतकी हुबेहूब होती की आईने काटा खाली ठेवला आणि ती ताटाकडे पाहीना. त्यात काय आहे हे तिला पटले होते, परंतु डोळ्यांना ते पटत नव्हते. या पदार्थांमागची परंपरा मात्र आदर वाटावा अशी आहे. सहाव्या शतकात चीनमधल्या लिआंग घराण्याच्या सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंना मांसाहाराची मनाई केली, आणि पुढे मठांच्या स्वयंपाकघरांत कणकेच्या चिवट गोळ्यापासून, टोफूपासून (सोयाबीनच्या दुधाच्या पनीरापासून) आणि सोयाबीनच्या दुधावर धरणाऱ्या सायीपासून मांसासारखे पदार्थ रांधण्याची कला बहरली. वडिलांना कुतूहल असेल तर त्यांच्यासाठी असा एखादा पदार्थ जरूर मागवा; आईंसाठी मात्र पहिल्या भेटीत तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी मापो टोफू मागवा. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या छंगदू शहरातला हा पदार्थ मूळचा गोमांसाच्या खिम्याचा. व्हीगन स्वयंपाकघरात खिम्याच्या जागी बारीक चिरलेल्या अळंब्या असतात. त्याचा लाल रस्सा मिरची आणि बाकल्याच्या शेंगांतले दाणे आंबवून केलेल्या वाटणाचा असतो, आणि त्यावर सिचुआन मिरी भरडून घातलेली असते. हे मिरे म्हणजे आपल्या तिरफळाचे सख्खे भाऊबंद, दोन्ही एकाच वनस्पतिकुळातल्या एकाच प्रजातीगटातले आहेत. माझी आई मूळची वेंगुर्ल्याची. पहिल्या घासानंतर जीभ मुंग्या आल्यासारखी झाली तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “यात तिरफळ आहे.” मग खतखत्याची आठवण निघाली आणि त्यानंतर तिने उरलेला रस्सा भातात कालवून संपवला. तुमच्या आई कोल्हापूरच्या असल्यामुळे तिखटाची अडचण येणार नाही, पण जीभ बधिर होईल याची कल्पना त्यांना आधी द्या, नाहीतर काही बाधले की काय अशी भीती वाटू शकते.

तुमच्या आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नसतील तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. व्हीगन म्हणजे कांदा-लसणाविना असे नव्हे. अशा बहुतेक ठिकाणी लसूण मुबलक असतो. बौद्ध मठांच्या पद्धतीने चालणाऱ्या जागी मात्र पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात आणि त्यांत कांदा-लसणाबरोबर हिंगही मोडतो. आपल्याकडे कांदा-लसणाची उणीव ज्याने भरून काढतात तोच तिकडे निषिद्ध, हे मला फार नवलाचे वाटले.

आता बारविषयी. संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ ठरवा आणि टेबल राखून ठेवताना बारपासून दूरची जागा मागा. त्या वेळी गर्दी आणि संगीताचा आवाज दोन्ही कमी असतात. वडील मद्य घेत असतील आणि आईंची हरकत नसेल, तर इथल्या कॉकटेलविषयी सांगण्यासारखे बरेच आहे. काही कॉकटेलना फेस यावा म्हणून एरवी अंड्याचा पांढरा बलक घालतात; व्हीगन बारमध्ये त्याऐवजी काबुली चणे शिजवलेले पाणी घुसळतात, आणि ही युक्ती 2014 मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थांनी प्रसिद्ध केली. काही वाइन आणि बिअर माशाच्या वाताशयातल्या पदार्थाने निवळवतात, तीही इथे वगळलेली असते. बायज्यो हे चिनी मद्य तर मुख्यतः ज्वारीपासून गाळतात. ते फार कडक असते, म्हणून कॉकटेलमधूनच घेतलेले बरे. आईंसाठी मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांचा चहा मागवा.

कोणाला ॲलर्जी असेल तर केवळ ‘व्हीगन’ या शब्दावर विसंबू नका. सोयाबीन, गहू, तीळ आणि शेंगदाणे हाच या स्वयंपाकाचा पाया आहे. ब्रिटनमध्ये 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे उपाहारगृहांना बंधनकारक आहे, तेव्हा ती निःसंकोच मागावी.

पदार्थ मधोमध ठेवून वाटून खायचे असतात, त्यामुळे चौघांत तीन भाज्या, एक नूडल्स आणि वाफवलेले डंपलिंग पुरे होतात. साधा भात मात्र सुरुवातीलाच मागून घ्या, आणि शेवटी ते तिळाचे गोड गोळे मागवा. इथे ते चरबीविना केलेले असतात.