वाचक विचारतात : मनातलं ओळखू नका, विचारा

नव्याने मॅनेजर झालेल्यांना भावनिक बुद्धिमत्ता आणि माणसांची जाण ऑनलाइन कशी शिकवायची, हा या वेळचा विषय. इंदूर आणि आसपासच्या वाचकांच्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीत यंदा अठरा जण नव्याने मॅनेजर झाले. काही विजयनगरच्या ऑफिसात आहेत, काही पीथमपूरला, तिघं देवास-उज्जैनला घरून काम करतात. मागच्या बॅचला तीन तासांचा वेबिनार दिला होता, साठ स्लाइड्स आणि शेवटी प्रमाणपत्र. सगळ्यांनी 'छान झालं' असं लिहून दिलं आणि वागण्यात काडीचा फरक पडला नाही. बाहेरगावी शिबिर घेण्याइतकं बजेट नाही. ऑनलाइनच करायचं, पण कसं? (प्रशिक्षण विभागातील वाचक)

उत्तर : साठ स्लाइड्सनी माहिती पोचते, सवय लागत नाही. तेव्हा विषय कापा आणि वेळ पसरा. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा ७५ मिनिटं, आणि दहाव्या आठवड्यात तासाभराची उजळणी. अठरांचे नऊ-नऊचे दोन गट करा. नऊ जणांच्या तिघा-तिघांच्या तीन ब्रेकआउट रूम (मीटिंगमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्या) होतात, आणि एखाद्याने दांडी मारली तरी कुणी एकटा पडत नाही.

७५ मिनिटांची वाटणी अशी : १० मिनिटं मागच्या गृहपाठाची चौकशी, १२ मिनिटं एकच मुद्दा, ३० मिनिटं तिघांत सराव, १५ मिनिटं एकत्र येऊन चर्चा, ८ मिनिटं पुढचा गृहपाठ. कात्री नेहमी त्या ३० मिनिटांवरच चालते, कारण शिकवणाऱ्याला बोलायला आवडतं आणि १२ची २५ कधी झाली ते कळत नाही. वेळ कमी पडला तर मुद्दा अर्धा सोडा, सराव सोडू नका.

आता क्रम. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली आणि १९९५नंतर लेखक डॅनियल गोलमन यांच्यामुळे ती ऑफिसांत पोचली. गोलमन यांच्या मांडणीत चार भाग आहेत : स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्यांची जाण, आणि नाती सांभाळणं. नव्या मॅनेजरला तिसऱ्यापासून सुरुवात करायची घाई असते, कारण अडचण त्याला समोरच्यात दिसते. पहिले दोन आठवडे मात्र त्याच्या स्वतःवरच खर्च करा.

पहिल्या आठवड्यात फक्त शब्द. "कसं वाटतंय?" म्हटलं की 'ठीक' आणि 'टेन्शन' एवढ्यावर कारभार आटोपतो. हे दोन्ही शब्द आठवडाभर बंद. आपल्याकडे चीड, वैताग, संताप आणि त्रागा या चार वेगळ्या गोष्टी आहेत. ओशाळणं म्हणजे अवघडणं नव्हे, हिरमुसणं म्हणजे रुसणं नव्हे. घरी हे शब्द सहज वापरणारा माणूस ऑफिसच्या इंग्रजी मेलमध्ये शिरला की 'अपसेट'वर येऊन थांबतो. म्हणून नोंदी मराठीत किंवा हिंदीत लिहू द्या. गृहपाठ एवढाच : सकाळी ११, दुपारी ४ आणि काम आवरताना फोनमध्ये एकेक ओळ, भावना कोणती आणि कशामुळे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या मेंदू-स्कॅनच्या प्रयोगात भावनेला नाव दिल्यावर अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भावनांशी निगडित भागाची, प्रतिक्रिया मंदावलेली दिसली होती. शिकणाऱ्यांना हे सांगितलंच पाहिजे असं नाही. चार दिवसांच्या नोंदी वाचल्या की दिसू लागतं, दुपारी चारचा 'राग' बऱ्याचदा वैताग असतो आणि त्याचं मूळ टीममध्ये नसून एकच्या मीटिंगमध्ये असतं.

दुसऱ्या आठवड्यात थांबण्याचा सराव : तापलेलं उत्तर आधी स्वतःलाच मेल करायचं, २० मिनिटांनी पुन्हा वाचायचं.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात बहुतेक अभ्यासक्रम घसरतात. 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा' हा लाडका व्यायाम. ताल एयाल, मेरी स्टेफल आणि निकोलस एपली यांनी २०१८मध्ये २५ प्रयोगांतून हेच तपासलं : दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून अंदाज अचूक होत नाहीत, उलट काही वेळा आपण बरोबरच आहोत ही खात्री तेवढी वाढते. समोरच्याला विचारल्यावर मात्र अचूकता वाढली. चेहऱ्यांचे फोटो दाखवून 'ओळखा पाहू भावना' खेळणंही सोडा. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने सांगता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

त्याऐवजी हा व्यायाम घ्या. तिघांतला एक जण स्वतःची खरी पण किरकोळ अडचण दोन मिनिटं सांगतो. समजा : "रजा मंजूर झाली, पण तीन दिवस उत्तरच आलं नव्हतं." मग सगळे गप्प बसून मिनिटभर कागदावर लिहितात. उरलेल्या दोघांत एक मॅनेजरच्या भूमिकेत, दुसरा निरीक्षक; ते लिहितात, याच्या मनाला नेमकं काय लागलं असेल. सांगणारा लिहितो, खरंच काय लागलं. त्यानंतर मॅनेजर तीन मिनिटं फक्त प्रश्न विचारतो आणि आपला अंदाज पुन्हा लिहितो. शेवटी तिन्ही कागद कॅमेऱ्यासमोर धरायचे. मॅनेजरच्या पहिल्या ओळीत असतं, 'राग, मंजुरी उशिरा.' सांगणाऱ्याच्या कागदावर निघतं, 'सासरे तिकिटाचं विचारत होते, काय सांगू ते कळेना, ओशाळलो.' एक फेरी दहा मिनिटांची, तीन फेऱ्यांत ३० मिनिटं भरतात.

अडचण किरकोळच हवी, दहापैकी दोन-तीन मार्कांची. मोठं दुखणं काढलं की तिघंही गडबडतात आणि शिकणं राहून जातं. 'चिडलेला कर्मचारी' असं सोंग वठवायला दिलं तर नाटक होतं. करणारा गरजेपेक्षा जास्त चिडतो आणि समोरचा हसतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात अभिप्राय आणि अवघड बोलणं. प्रसंग, कृती, परिणाम या क्रमाने बोलायला लावा. "तू बेजबाबदार आहेस" हे चालणार नाही; "सोमवारी रिपोर्ट पाच ऐवजी आठला आला, त्यामुळे ग्राहकाला जुने आकडे गेले" हे चालेल.

नेहमी कुठे ठेच लागते तेही सांगून ठेवतो. निरीक्षक सल्ले देऊ लागतो. त्याला मोजायचं काम द्या : प्रश्न किती, मध्येच तोडणं किती वेळा, सर्वांत लांब शांतता किती सेकंदांची. प्रशिक्षक रूममध्ये डोकावला की तिघं मुके होतात. बोलावल्याशिवाय जाऊ नये. सत्राचं रेकॉर्डिंग नको आणि वरिष्ठांची 'फक्त पाच मिनिटांची' हजेरीही नको. पीथमपूरचे लोक कंपनीच्या बसमधून फोनवर जोडले जाणार असतील तर सत्राची वेळ बदला. शेजारी सहकारी बसलेला असताना कुणी मन मोकळं करत नाही. आणि पहिल्याच दिवशी मर्यादा सांगा : मॅनेजर समुपदेशक नाही. टीममधलं कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोललं तर ऐकून घ्यायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकाला स्वतः सोबत बसून फोन लावायचा.

फरक मोजायचा तर शिकणाऱ्याला विचारू नका, त्याच्या टीमला विचारा. सुरुवातीला आणि दहाव्या आठवड्यात तेच तीन प्रश्न : माझं बोलणं पूर्ण ऐकलं जातं का, वाईट बातमी मी वेळेवर सांगू शकतो का, चूक दाखवताना कारण कळतं का. टीम पाचपेक्षा लहान असेल तर उत्तरं त्या मॅनेजरला वेगळी दाखवू नका. कुणी काय लिहिलं ते तो पाच मिनिटांत ओळखतो.

प्रश्न : माझ्या टीममध्ये सात जण : तिघं इंदुरात, बाकी रतलाम, भोपाळ आणि नागपूरला. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद. कुणाच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही. कॅमेरा सक्तीचा करू का? (नवी टीम मॅनेजर, सुदामानगर)

उत्तर : नको. दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर असणं, हे व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याचं एक कारण म्हणून स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये मांडलं आहे. शिवाय तुमचं नुकसान वाटतं तेवढं नाही. मायकेल क्राउस यांच्या २०१७च्या प्रयोगांत आवाज आणि चेहरा दोन्ही असण्यापेक्षा नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी भावना जास्त अचूक ओळखल्या. तेव्हा आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी १५ मिनिटांचा साधा फोन ठेवा. त्या वेळी लॅपटॉप मिटलेला हवा. टायपिंगचा आवाज पलीकडे ऐकू जातो.

शांततेचा अर्थ लावायची घाई करू नका. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. दहा भाषांवरच्या २००९च्या अभ्यासातला हा आकडा आहे. ऑनलाइन नेटवर्कचा उशीर आणि म्यूट काढण्याची धडपड यांतच दोन-तीन सेकंद जातात, आणि आपलं मन त्याला 'नाखुशी' म्हणतं. २०१४च्या एका जर्मन प्रयोगात फोनच्या लाइनवर १.२ सेकंदांचा उशीर मुद्दाम घातला, तर लोकांना पलीकडचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटू लागला. प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजा. पाचाला आपणच बोलून टाकावंसं वाटतं, तिथे तोंड मिटून बसा.

आणि "सब ठीक?" हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "इस हफ्ते सबसे ज़्यादा टाइम किसमें गया?" असं विचारा, वेळेबद्दल बोलता बोलता माणूस त्रासाबद्दल बोलतो. खुणा बघायच्याच तर माणसाची तुलना त्याच्या स्वतःशी करा. एरवी 'हो मॅडम, झालं' असं पूर्ण लिहिणारा दोन दिवस नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकत असेल तर तो बदल आहे. पण त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, विचारायचं : "दोन दिवस उत्तरं आटोपशीर येतायत. कामाचा भार आहे की दुसरं काही?" दुसरं काही असेल तर सांगायचं की नाही, ते त्याच्यावर सोडा.

माणसांची जाण म्हणजे त्यांच्या गावाचीही जाण. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा मीटिंग लावू नये हे इंदूरकराला सांगावं लागत नाही. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक निघते, रस्ते भरतात, हे तुमच्या कॅलेंडरमध्ये आहे का? सातही जणांना वर्षातले आपापले दोन दिवस लिहून द्यायला सांगा.

प्रश्न : इंटरनेटवर 'ईक्यू स्कोअर'च्या, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचे मार्क देणाऱ्या, फुकट चाचण्या मिळतात. बढतीसाठी वापराव्यात का? (एच.आर. अधिकारी, सांवेर रोड)

उत्तर : बढतीसाठी मुळीच नाही. त्यांतल्या बहुतेक चाचण्यांत माणूस स्वतःबद्दल स्वतःच मत देतो, आणि ज्याला स्वतःची जाण कमी तोही भरघोस मार्क घेऊन जाऊ शकतो. मेयर, सॅलोव्ही आणि कारूसो यांची क्षमता मोजणारी चाचणी वेगळ्या प्रकारची आहे. तिच्यात प्रश्न सोडवावे लागतात. पण ती विकत घ्यावी लागते. गप्पा सुरू करून द्यायला फुकट चाचणी चालेल. स्कोअर फाइलला मात्र लावू नका.

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यात त्याच लाइनवर आठ वर्षं काम करून शिफ्ट इन्चार्ज झालो. ऑनलाइन कोर्समध्ये शिकवलं तसं एकाला म्हणालो, "मैं समझ सकता हूँ आप कैसा महसूस कर रहे हैं." तो म्हणाला, "भिया, कोर्स करके आए हो क्या?" सगळी लाइन हसली. आता काय करू? (शिफ्ट इन्चार्ज)

उत्तर : त्यांचं हसणं बरोबर होतं. ते वाक्य इंग्रजीतून उचललेलं आहे, शॉप फ्लोअरवर तसं कुणी बोलत नाही. त्यात दोन दोष. एक, आठ वर्षं 'तू' म्हणणाऱ्या दोस्ताला एकदम 'आप' केलंत. तो त्याला आदर वाटत नाही, दुरावा वाटतो. एकट्यात तूच राहू द्या, बाहेरच्या लोकांसमोर किंवा ऑडिटच्या वेळी आप. हे त्याला आधी सांगून टाका. दुसरा दोष मोठा : 'समजतो' असं जाहीर केलंत, पण काय समजलं ते सांगितलं नाहीत.

भावनेचं नाव न घेता त्याचा मुद्दाच परत त्याच्यापुढे ठेवा. तो म्हणतोय, माझी रात्रपाळी बदलली. तुम्ही म्हणा, "मतलब शिफ्ट बदली उसका नहीं, बिना पूछे बदली उसका है?" चुकलं असेल तर तो लगेच दुरुस्त करेल : "नहीं यार, चौथी बार मेरी ही बदली है." हे खरं कारण आहे, आणि ते तुमच्या अंदाजात नव्हतं. मग मागच्या दोन महिन्यांचा पाळ्यांचा तक्ता काढा आणि त्याच्याच समोर मोजा. चार असतील तर पुढची बदली दुसऱ्याची, नसतील तर आकडा त्यालाच दिसेल.

नवं तंत्र सगळ्या लाइनसमोर पहिल्यांदा वापरू नका. दोन आठवडे एकाच माणसाशी, चहाच्या सुट्टीत, मशीनचा गोंगाट नसेल तिथे. आणि पुढच्या वेळी कुणी 'कोर्स करके आए हो क्या' म्हणालं तर "हो, आलोय" म्हणा आणि पाळ्यांचा तक्ता पुढे करा.