ओढ्यावरचा पादचारी पूल, आम्हाला कोण विचारतंय?

प्रश्न: ताई, आमच्या गल्लीमागं ओढ्यावर पादचारी पूल होणार म्हणे. मोजणीवाले आले, दगडाला लाल रंग मारला अन् गेले. आम्ही काही बोलायचं का नाही? (एक आजी, सांगली)

उत्तर: बोलायचं म्हणजे काय आजी, आत्ताच बोलायचं, सिमेंट पडल्यावर कोण ऐकतंय! आधी लेखी अर्ज द्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन, आणि पोच घ्यायला विसरू नका (पोच नसली की अर्ज आलाच नाही म्हणतात). नकाशा, इस्टिमेट बघायचंय तर माहिती अधिकार 2005 आहे, अर्जाला 10 रुपये, साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, कागद जाऊन बघतासुद्धा येतात.

पण खरं सांगू, नुसतं "पूल पाहिजे" लिहून काय होत नाही. उंचीचं विचारा. 2019 च्या पुरात आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोका पातळीच 45 फूट, आणि नदी फुगली की ओढ्याचं पाणी पुढं न जाता मागं तुंबतं हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तर डोळ्यानं बघितलंय, तेव्हा कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं ते अर्जात लिहा, इंजिनिअरकडं ते नसतं. पायऱ्या नकोत, उतार पाहिजे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी. आणि लाइट! संध्याकाळी क्लासवरनं येणाऱ्या पोरींना विचारून घ्या.