डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्ट सांगत फाशांवर खेळायचा खेळ) गावातले साधे एनपीसी, म्हणजे प्लेअर्सची पात्रं सोडून गोष्टीतली बाकीची माणसं, कसे बनवायचे? प्रत्येकाची बॅकस्टोरी लिहावी लागते का?

नाही, बॅकस्टोरी अजिबात लिहू नका. पहिल्या कॅम्पेनला (अनेक सेशन चालणारी गोष्ट) मी सरायवाल्याची चार पानं लिहून नेली होती, बायको कशी गेली, भाऊ कुठल्या लढाईत पडला, सगळं. प्लेअर्सनी त्याच्याकडून खोलीची किल्ली घेतली आणि वर झोपायला गेले.

आणि जो माणूस आमच्या टेबलावर दीड वर्ष टिकला तो मी जागच्या जागी बनवला होता. पार्टी (प्लेअर्सच्या पात्रांची टोळी) नदीवर पोचली, मागे गॉब्लिन लागलेले, आणि मला आजोळच्या खाडीवरचा होडीवाला आठवला, कोणी कितीही घाई करा, होडी भरल्याशिवाय सोडायचाच नाही. तोच उचलला. नाव तात्या, भाडं माणशी एक कॉपर (सगळ्यात लहान नाणं), आणि ‘अजून तीन माणसं येऊ देत’. वीस मिनिटं हुज्जत चालली, शेवटी पॅलाडिनने (आमच्यातला धर्मयोद्धा) तीन रिकाम्या जागांचे म्हणून एक गोल्ड पुढे केला तर तात्या म्हणाला, सुट्टे नाहीत. पाचव्या एडिशनमध्ये साध्या मजुराला दिवसाला 2 सिल्व्हर मिळतात आणि एका गोल्डचे दहा सिल्व्हर, म्हणजे पाच दिवसांची कमाई हातात येतेय आणि हा सुट्ट्यांवर अडलाय. बस, एवढंच लागतं: हाक मारायला नाव, आत्ता त्याला काय पाहिजे, आणि कशावरून तो हटणार नाही.

आमच्यातला एक मित्र, आधी तोच डीएम (खेळ चालवणारा) असायचा, त्याच्या गावांत सगळे ‘गावकरी एक’, ‘गावकरी दोन’. म्हणायचा, कॉमनरला (साध्या गावकऱ्याला) 4 हिट पॉइंट्स, म्हणजे एवढाच जीव, त्याला नाव कशाला? चार महिन्यांनी त्याच नदीकाठी मारामारी झाली, मी स्पष्ट सांगितलं होतं की तात्या 20 फुटांच्या आत उभाय, तरी त्याच्या विझर्डने (जादूगाराने) फायरबॉल, म्हणजे 20 फुटांपर्यंत सगळं जाळणारा मंत्र, टाकलाच. फायरबॉलच्या आठही फाशांवर एकेकच पडला आणि सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) जमून निम्मं झालं तरी 4 डॅमेज होतंच. तात्या मेला. ‘एनपीसीच होता ना’, हा म्हणे. कोणी बोलेना. मग क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं पात्र) खेळणाऱ्या मैत्रिणीने कोणाला न विचारता रिव्हिव्हिफाय, म्हणजे नुकत्याच मेलेल्याला उठवणारा मंत्र, वापरला, त्यात 300 गोल्डचे हिरे जातात, आणि आमच्याकडे तेवढेच होते.

दोन सेशननंतर पॅलाडिन मेला तेव्हा हिरे नव्हते, त्यामुळे तो मित्र अजूनही हे उकरून काढतो की वाया घालवले. नाही घालवले. पॅलाडिन खेळणारा स्वतः तेव्हा म्हणाला होता की परत वेळ आली तरी तात्यावरच वापरा.

हां, एका रात्रीत संपणारं डंजन असेल तर एवढं काही नको, आणि मुख्य व्हिलनला मात्र बॅकस्टोरी हवीच. स्टॅट्सचं (ताकद, जीव वगैरे आकड्यांचं) म्हणाल तर कॉमनरचे घ्या, पुरतात. दहा नावं आधीच कागदावर लिहून समोर ठेवा, कारण नाव विचारल्यावर डीएम अडखळला की प्लेअर्सना लगेच कळतं की हा माणूस बिनकामाचा आहे.