कोळीवाड्यातल्या बायकांसाठी मासळीचे पदार्थ करून विकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की हर्णैजवळच्या तुमच्या गावात बोटी कमी झाल्यात, बायकांच्या टोपलीत पूर्वीसारखं म्हावरं पडत नाही, आणि त्यांच्यासाठी माशांच्या लोणच्याचा ब्रँड काढायचं तुमच्या मनात आहे. लोणचं जरा बाजूला ठेवा. आधी सुकट बघा.

माझं माहेर अलिबागजवळचं. आई जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकवायची, आता वहिनी आणि तिच्या बचत गटातल्या नऊ जणी सुकवतात, हिशेब माझ्याकडे. सुकं म्हावरं आमच्याकडे आधीही विकलं जायचंच. पण ऐन हंगामात, सगळ्यांचा माल एकदम निघतो तेव्हा, दारात आलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावानं. त्याच्याकडून उचल घेतलेली असायची, मग बोलणार काय? खरा भाव चढतो मे महिन्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी, म्हणून घरोघरी डबे भरून ठेवतात. तोवर माल हातात राहिला की पैसे आपले. पहिल्या वर्षी आम्ही गटाच्या बचतीतून उचल फेडली, बाकी काही केलं नाही. तुमच्या गावात कोणाची किती उचल अंगावर आहे, ते आधी काढा. विचारल्यावर लगेच सांगणार नाहीत, दोन-तीनदा जावं लागेल.

माल मेपर्यंत ठेवायचा तर तो कडक वाळलेला हवा. किनाऱ्यावर पसरलेल्या जवळ्यात वाळू येतेच. पुण्याच्या एका बाईंनी फोनवर विचारलं, "किती पाण्यांनी धुऊ?" वहिनी म्हणाली, "सात." दोघी हसल्या, पण त्या बाईंची पुन्हा ऑर्डर आली नाही. मग आम्ही कमरेएवढ्या उंच बांबूच्या मांडवावर बारीक जाळी ताणली. खालून वारा लागतो, कुत्री-मांजरं लांब राहतात, संध्याकाळी वर ताडपत्री. यात यंत्र काही नाही, पण जवळा दाताखाली कचकचायचा थांबला.

बोंबील वलांडीवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, टांगतात, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून. त्यात पाणीच इतकं की सहा-सात किलो ओल्याचा जेमतेम किलोभर सुका होतो. भाव ठरवताना हे धरा. सगळ्यात जास्त पैसे सोड्यांत: कोळंबी सोलून सुकवायची, किलोचा भाव चार आकडी. पण सोलायला बसलेल्या बाईची मजुरी हिशेबात घाला, नाहीतर नफा दिसतो तो तिच्याच बोटांचा असतो.

आता लोणचं. आम्ही घाई केली होती. पहिल्या चाळीस बाटल्यांपैकी बऱ्याच पंधरा दिवसांत फसफसल्या, झाकणाखालून तेल यायला लागलं. कोळंबी नीट तळलेली नव्हती आणि व्हिनेगर हात राखून घातलेलं. कोळंबीला मीठ लावून पाणी काढायचं, कोरडी होईपर्यंत तळायची, आणि आम्लता पीएच ४.५ च्या खाली आहे हे कागदी पट्टीनं तपासायचं, हे नंतर शिकलो. तुम्हाला रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र वाशीला आहे. जाताना दोघी-तिघी बायकांना घेऊन जा, तुम्ही एकटे शिकून येऊन त्यांना सांगू नका.

बांगड्याबाबत एक इशारा. तो बर्फाविना उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून, शिजवून, खारवून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. म्हणून "उरलेल्या बांगड्याचं लोणचं" ही कल्पना सोडा. लोणच्याला ताजाच लागतो.

पिशवी साधी पॉलिथिनची घेऊ नका, वास बाहेर येतो, ओल आत जाते, आणि कुरियरवाला पार्सल परत करतो. जाड लॅमिनेटची घ्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घरगुती धंद्याला वर्षाला १०० रुपयांत होते. तो क्रमांक, वजन, तारीख आणि मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण लेबलवर हवा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलेलं होतं, ती अजून चालू आहे का याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा. पण अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घेऊ नका. शेजारच्या गावात असा एक सोलर ड्रायर आलाय, त्यात सध्या मिरच्या वाळतात.

मांडवाचं काम सप्टेंबर संपायच्या आत उरका. एकदा जवळा आला की तुमच्याशी बोलायला तिथे कोणालाच सवड नसेल.