आबांचं वाक्य आणि लेकीचा निबंध

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी अकरावीत आहे. तिला शाळेसाठी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात वंशाच्या मुद्द्याचं काय होतं, यावर निबंध लिहायचाय. त्यासाठी वर्गातली मैत्रीण घरी आली होती. ती कृष्णवर्णीय आहे. टीव्हीवर जुन्या प्रचारसभा चालू होत्या. साताऱ्याहून आलेले माझे सासरे मोठ्यानं म्हणाले, "या काळ्यांना सगळं फुकट पाहिजे, मतंही त्यासाठीच देतात." बोलले मराठीतच, पण मैत्रिणीनं मुलीला लगेच विचारलं, "तुझे आजोबा माझ्याबद्दल बोलले का?" तेव्हापासून मुलगी आबांशी बोलत नाही. नवरा म्हणतो, हे गोऱ्या-काळ्यांचं भांडण, आपण कशाला मधे पडायचं? मी काय करू?

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांचं घेते. त्यांचं हे वाक्य मी मंडळाच्या दिवाळीत, बटाटेवड्यांच्या रांगेत उभी राहून वर्षानुवर्षं ऐकत आलेय. आपण मधे पडायचा प्रश्नच नाही, आपण आधीपासून मधेच आहोत. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं : वर्षाला शंभर भारतीय. ते खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ मध्ये. त्या ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण देणारा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांचे जन्मदेशानुसार कोटे ठरवण्याची जुनी पद्धत मोडणारा. दोन्हींवर सही लिंडन जॉन्सन यांचीच. अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या चळवळीनं देशाची हवा बदलली नसती, तर तुमचे यजमान आज डॅलसच्या ट्रॅफिकला शिव्या देत नसते.

आता आबा. त्यांना दटावण्याआधी एक लक्षात घ्या, ते वाक्य त्यांचं नाहीच. साताऱ्यात बसून ते कुणाला सुचत नाही. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागत फिरत होते, तेव्हा ते सभांमधून शिकागोतल्या एका बाईची गोष्ट सांगायचे. तिची म्हणे ऐंशी नावं, तीस पत्ते, आणि सरकारी मदतीवर चैन. गोष्टीत 'काळी' हा शब्द नसायचा. त्याची गरजही नव्हती, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चेहरा आपोआप उभा राहायचा. ते चित्र तेव्हापासून फिरतं आहे, आणि आता व्हॉट्सॲपवरून ते साताऱ्यातही पोचतं.

मुलीला ही खुबी समजावून सांगायला तुमच्याइतकं लायक कोणी नाही. पुण्यात घर भाड्यानं घेताना मालक गोड आवाजात विचारतो ना, "आडनाव काय तुमचं?" तो काय विचारतोय ते त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. २००८ मध्ये ओबामांच्या विरोधातल्या काही सभांमध्ये वक्ते त्यांचं मधलं नाव, हुसेन, मुद्दाम ठासून उच्चारायचे. ते हेच. असं काही थेट अमेरिकी पुस्तकातून शिकवायला गेलात तर मुलगी जांभई देईल. आडनावावरून सुरुवात करा.

निबंधासाठी तिनं २००८ चंच वर्ष घ्यावं, असं मी सुचवेन. त्यात तिच्या घरातल्या भांडणाचं उत्तरही आहे. त्या मार्चमध्ये ओबामांच्या शिकागोतल्या चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या जहाल प्रवचनांच्या चित्रफिती सगळ्या वाहिन्यांवर फिरू लागल्या. उमेदवारी जाते की काय, अशी वेळ आली. सल्लागार अशा वेळी 'संबंध तोडा आणि विषय बदला' असं सांगतात. ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात उभं राहून सदतीस मिनिटं वंश याच विषयावर भाषण केलं. पाद्र्यांच्या विधानांचा निषेध केला, आणि मग वळले ते स्वतःच्या आजीकडे. गोरी आजी, जिनं त्यांना वाढवलं. ती रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या माणसांना घाबरते हे तिनं एकदा स्वतः कबूल केलं होतं, आणि तिच्या तोंडून कधीकधी असं काही निघायचं की नातवाच्या अंगावर काटा यायचा. हे त्यांनी साऱ्या देशापुढे सांगितलं, आणि तरी तिला मी टाकू शकत नाही, असंही म्हणाले.

तेव्हा काही जणांनी टीका केली की प्रचारासाठी आजीला चव्हाट्यावर आणलं. टीकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. राइट यांच्याशी तर त्यांनी पुढच्याच महिन्याच्या अखेरीस संबंध तोडले. पण आजीचं नातं तुटलं नाही. मतदानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ऐन रणधुमाळीत, प्रचार थांबवून ते आजारी आजीला भेटायला होनोलुलूला गेले. मतदानाच्या दोन दिवस आधी ती वारली. तुमच्या लेकीनं भाषणातला तो भाग वाचावा आणि मग आबांच्या खोलीत जावं. अबोला सोडला म्हणजे वाक्य पोटात घातलं असं होत नाही, हे तिला तिथे दिसेल. तिनं आबांना सरळ म्हणावं, "आबा, तुम्ही तसं बोललात त्याची मला लाज वाटली." एवढं पुरे. तुम्ही मधे भाषांतर करायला उभ्या राहू नका.

आबांशी तुमचं बोलणं मात्र वेगळं हवं, आणि सर्वांदेखत नको. त्यांना विचारा, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली? अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना, १८७३ साली. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, म्हणजे आबांच्याच जिल्ह्यातलं. सातारकर माणूस या एका धाग्यावर तासभर बोलेल, त्याला बोलू द्या. टीव्हीचा रिमोट तेवढा वेळ आपल्याकडे ठेवा.

यजमानांना अजूनही हे दुसऱ्यांचं भांडण वाटत असेल तर २०२४ आठवून द्या. ३१ जुलैला शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संमेलनात ट्रम्प म्हणाले की कमला हॅरिस आधी फक्त भारतीय म्हणवायच्या, आता अचानक काळ्या झाल्या. आई चेन्नईची, वडील जमैकाचे, आणि ती नेमकी कोण हे ठरवणार तिसराच! हा टोमणा एकाच पक्षाचा असतो असंही नाही. २००७ मध्ये ओबामांच्याच प्रचारयंत्रणेनं हिलरी क्लिंटन यांना भारताशी असलेल्या संबंधांवरून 'पंजाबच्या सिनेटर' म्हणून हिणवलं होतं, आणि ती चूक झाली हे नंतर ओबामांना कबूल करावं लागलं. डेट्रॉइटमधून २०२२ मध्ये आपले बेळगावचे श्री ठाणेदार काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले, तेव्हा तिथे चर्चा होती ती कृष्णवर्णीयांचं एवढं मोठं शहर कित्येक दशकांनी कृष्णवर्णीय प्रतिनिधीविना राहणार, याची. ही काळजी खोटी नव्हती. मंडळात पेढे वाटताना मात्र ती कोणी बोलून दाखवली नाही.

राहिली मैत्रीण, खरं तर तिचा नंबर पहिला. मुलीनं तिला "नाही गं, तुझ्याबद्दल नव्हतं" असं सांगितलं असेल तर ते खोटं आहे आणि तिलाही ते कळलंय. या आठवड्यात तुम्ही स्वतः तिच्या आईला फोन करा. घरात काय बोललं गेलं ते सांगा, माफी मागा, आणि तिची लेक पुन्हा आमच्याकडे यायला तयार आहे का, ते विचारा. नाही म्हणाली तर मनवू नका. "ते वयस्कर आहेत हो" हे वाक्य मात्र त्या फोनवर आणू नका.